थकबाकी मोहीम : परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकांचा निकाल लावू या

पानगळ (धागाकर्ती)

मंडळी, पुस्तकांवर लिहिणाऱ्या बहुतेकांच्या घरात एक कप्पा असा असतो, ज्याच्याकडे बघायचं आपण शिताफीने टाळतो. विकत आणलेली न वाचलेली पुस्तकं वेगळी. ती आपली, आपल्या पैशांची. पडून राहिली तर राहिली. मी बोलतेय ती कुणीतरी पाठवलेली. प्रकाशकाची चिठ्ठी अजून आत असते, पहिल्या पानावर 'अभिप्रायार्थ' असा शिक्का असतो, काहींवर लेखकाची सही. त्यात भर नेटगॅलीवर (प्रकाशक परीक्षणासाठी ई-प्रती देतात ते संकेतस्थळ) मंजूर झालेल्यांची, किंडलमध्ये उतरवून ठेवलेल्यांची आणि 'सोबत पीडीएफ जोडली आहे' म्हणून मेलमध्ये झोपलेल्यांची. ही शेवटची मंडळी सगळ्यांत वाईट, कारण त्यांच्यावर धूळसुद्धा बसत नाही.

तर पुढच्या तीन महिन्यांसाठी मोहीम काढू या. नाव थकबाकी मोहीम.

नेहमीच्या वाचन-आव्हानात महिन्याला इतकी पुस्तकं असं लक्ष्य असतं. ते इथे मुद्दाम नको. आकडा ठेवला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. बारकी पुस्तकं पुढे येतात, कवितासंग्रह एका बैठकीत 'संपतात', आणि ज्या सहाशे पानी कादंबरीची लेखिका वर्षभर वाट बघतेय ती कादंबरी जागची हलत नाही. म्हणून इथे वाचलेली पुस्तकं मोजायची नाहीत, लागलेले निकाल मोजायचे. वाचून सविस्तर परीक्षण लिहिलं, हा निकाल. वाचून दीडशे शब्दांचं टिपण लिहिलं, तोही निकाल. काही पानं वाचून 'हे माझ्याच्याने व्हायचं नाही' असं पाठवणाऱ्याला स्पष्ट कळवलं, तोही. वेळ टळून गेलेली आहे, विषयही आपला नाही, अशा पुस्तकाची साभार पोच देऊन प्रत योग्य वाचकाकडे रवाना केली, तरी खातं बंद. पुस्तक हातात घेऊन, चाळून, उसासा टाकून परत कप्प्यात ठेवणं मात्र चालणार नाही.

मोहीम चालू असेपर्यंत नवीन प्रत मागवायची नाही. न मागता कुणी पाठवली तर ती मोहिमेत धरायची नाही, पण तिची पोच त्याच आठवड्यात द्यायची. आणि पहिला आठवडा वाचन बंद, फक्त यादी : पुस्तकाचं नाव, कुणी पाठवलं, केव्हा आलं, प्रकाशन झालंय की व्हायचंय, आपण मागितलं होतं की न मागता आलं, आणि लिहिण्याचा शब्द दिला होता का. शेवटचे दोन रकाने भरताना टाळाटाळ करू नका, सगळी मेख तिथेच आहे. न मागता आलेल्या पुस्तकाचं आपण पोचेपलीकडे काही देणं लागत नाही, असं माझं मत. मागून घेतलेल्याचं लागतो.

भांडायचं असेल तर खाली जागा आहे.

वाळवी

मी आहे! पण यादीला आख्खा आठवडा? एका संध्याकाळचं काम आहे की.

पानगळ

कर आणि सांग. मेलमधल्या पीडीएफ विसरू नकोस.

वाळवी

मेलमध्ये 'अभिप्राय' शब्द टाकून शोधलं. आठवडा कमी पडेल असं दिसतंय.

कोपऱ्यातला_वाचक

मस्त धागा. वाखू (वाचनखूण) साठवली.

नेटगॅलीवाल्यांसाठी थोडं वेगळं लिहितो, कारण तिथली थकबाकी टक्केवारीत दिसते. प्रोफाइलवर फीडबॅक रेशो असतो, म्हणजे मंजूर झालेल्या पुस्तकांपैकी कितींवर तुम्ही अभिप्राय दिलात. नेटगॅली स्वतःच ८० टक्क्यांचं लक्ष्य ठेवा म्हणून सांगते. विनंती आली की प्रकाशकाला हा आकडा दिसतो, त्यामुळे तो घसरलेला असला की नकार वाढतात. मग लोक काय करतात, तर पटापट मिळणारी पुस्तकं मागवून रेशो वर आणायला बघतात. इथेच गंमत आहे.

समजा ५० पुस्तकं मंजूर झालीत आणि ३० वर अभिप्राय दिलाय. रेशो ६०. काहीही नवीन न मागवता जुन्यांपैकी १० उरकली की ५० पैकी ४० झाले, पोचलात ८० वर. आता दुसरा रस्ता : जुन्यांना हात न लावता नवीन मागवायची आणि प्रत्येक नव्यावर इमानेइतबारे लिहायचं. अशी ५० नवीन वाचून लिहिलीत की १०० पैकी ८० होतात. म्हणजे त्याच ठिकाणी पोचायला १० ऐवजी ५० पुस्तकं! आणि जुनी २० होती तिथेच. पानगळताईंचा 'नवीन मागवायचं नाही' हा नियम कुणाला सोवळेपणा वाटत असेल, तर तो निव्वळ हिशेब आहे.

दुसरी गोष्ट आर्काइव्ह डेटची. ती तारीख उलटली की पुस्तक तिथून उतरवून घेता येत नाही. अभिप्राय मात्र नंतरही देता येतो. तेव्हा यादी करताना सगळ्यांत आधी मंजूर झालेली पण अजून न उतरवलेली शोधा. बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबत नाही.

आणि वाचायचा क्रम. मन म्हणतं सगळ्यांत जुन्यापासून सुरू करावं, न्याय वगैरे. मी तसं करणार नाही. ज्यांचं प्रकाशन अजून व्हायचंय ती आधी, कारण आज बाजूला ठेवलीत तर पुढच्या महिन्यात तीच थकबाकीत जाणार. जाता जाता, प्रकाशनाच्या आधी परीक्षण टाकायचं असेल तर पाठवणाऱ्याने कुठली तारीख घातलीय का ते बघून घ्या. काहींना दोन आठवडे आधी चालतं, काहींना प्रकाशनाच्या दिवसापर्यंत एक ओळही बाहेर नको असते.

पानगळ

क्रमाबद्दल मी थोडी वेगळी आहे. व्हायचीत ती आधी, मान्य. पण त्यांच्या जोडीला एक जुनं सतत चालू ठेवायचं. नाहीतर दर महिन्याला नवी येतच राहतात आणि जुन्यांची पाळी कधी लागत नाही.

हिशेब मात्र भारी मांडलात. धन्स!

अर्धविराम

विरोधी पक्षाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसतोय.

मला हे आव्हान प्रकरणच पटत नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाच्या हालांवर एक लेख लिहिला होता. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली पुस्तकं एका पुडक्यात येतात, मुदत डोक्यावर असते आणि तो बिचारा ज्या पुस्तकांबद्दल त्याला काहीच वाटत नाही त्यांच्याबद्दल काहीतरी वाटून घेत बसतो. त्यावर ऑर्वेलचं म्हणणं असं, की बहुतेक पुस्तकांकडे सरळ दुर्लक्ष करावं आणि जी थोडी महत्त्वाची वाटतात त्यांच्यावर भरपूर लिहावं, हजार शब्द म्हणजे अगदी किमान. येऊ घातलेल्या पुस्तकांवर ओळ-दोन ओळींच्या नोंदीही उपयोगाच्या. पण नेहमीचं सहाशे शब्दांचं मधल्या मापाचं परीक्षण कुचकामी.

ऑर्वेलला निदान त्याचे पैसे मिळत होते. आपण हौसेने लिहितो. जे त्याला पोटासाठी करावं लागलं ते आपण मोहीम काढून, नियम करून, एकमेकांवर लक्ष ठेवून का करायचं? ज्यांना ओझं वाटतंय त्यांनी सगळा कप्पा रिकामा करून टाकावा. 'परीक्षणासाठी प्रती स्वीकारत नाही' अशी पाटी लावावी. विषय संपला.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

शाईचा_डाग

दिवे घेतले. पण ऑर्वेल तुमच्या बाजूने बोलतोय असं कुणी सांगितलं? थोड्यांवर सविस्तर, बाकीच्यांची छोटी नोंद, बऱ्याच पुस्तकांना नकार. धागाकर्तीचे निकाल हेच तर आहेत. ती मधली सहाशे शब्दांची सक्ती आपणच स्वतःवर लादून घेतलीय. प्रत्येक पुस्तकाला तेवढंच लांब परीक्षण 'द्यायला हवं' असं वाटतं, ते जमत नाही, मग काहीच लिहिलं जात नाही.

पाटी लावायचा पर्याय खरा आहे. पण पाटी पुढच्या पुस्तकांसाठी. आधी ज्यांना शब्द दिलाय त्यांचं काय?

बुकमार्क

मी एका छोट्या प्रकाशनात काम करते. कुठल्या, ते विचारू नका. टेबलाच्या पलीकडून चार शब्द.

पाठवलेल्या प्रत्येक प्रतीवर लिहून येईल असं आम्ही धरलेलंच नसतं. प्रती बाजूला काढतानाच ठाऊक असतं की त्यांतल्या कित्येक मुक्या राहणार. त्याचा राग येत नाही. पंचाईत होते ती काहीच न कळल्यामुळे. पुस्तक मिळालं की नाही, पत्ता चुकला का, कुरियरवाल्याने शेजारी दिलं का, वाचायला घेतलंय का, काहीच समजत नाही. लेखक दर आठवड्याला आम्हाला विचारतो आणि आमच्याकडे उत्तर नसतं. 'मिळालं, पण लिहू शकणार नाही' ही एक ओळ आली तरी आम्ही ती प्रत हिशेबातून काढून दुसऱ्या कुणाला पाठवू शकतो. हा नकार आम्हाला चक्क उपयोगी पडतो, हे कुणी तुम्हाला सांगत नसेल म्हणून सांगते.

उशीर झाला, आता लिहून काय उपयोग, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : ज्या पुस्तकाचा आधीच गाजावाजा झालाय त्याला तुमच्या सहा महिने उशिराच्या परीक्षणाने फार फरक पडणार नाही, खरंय. पण नवख्या लेखकाच्या, आमच्यासारख्यांनी काढलेल्या पुस्तकाचं वर्षाने आलेलं परीक्षण कधीकधी पहिलंवहिलं असतं. दुसरी आवृत्ती काढताना मलपृष्ठावर घालायला दोन ओळी लागतात. अनुवादाच्या हक्कांसाठी कुणाला लिहायचं तर सोबत जोडायला कात्रण लागतं. लेखकाच्या पुढच्या पुस्तकाची बोलणी चालू असतात तेव्हा आधीच्याबद्दल कोण काय म्हणालं हे बघितलं जातं. या कशालाच मुदत नाही. तेव्हा यादीत नवख्यांना आणि छोट्यांना वर घ्या, गाजलेल्यांना खाली ढकला. बहुतेकांची यादी नेमकी उलटी असते.

आणि एक कळकळीची विनंती. 'सर्वप्रथम विलंबाबद्दल क्षमस्व' असं म्हणून परीक्षण सुरू करू नका. वाचकाला तुमच्या विलंबाशी देणंघेणं नसतं. ते आम्हाला मेलमध्ये कळवा, तिथे शोभतं.

वाळवी

बुकमार्कताई, हे सोनं आहे. चिकटवून ठेवा कुणीतरी वर.

मृगजळ७

धागा आवडला, पण माझी अडचण वेगळीच. माझ्याकडची निम्मी पुस्तकं प्रकाशकांची नाहीत, ओळखीच्यांची आहेत. 'सप्रेम भेट' लिहून सही केलेली. भेट म्हटल्यावर परीक्षण द्यायलाच हवं असं कुठेच लिहिलेलं नसतं, पण पंधरा दिवसांनी मेसेज येतो, 'वाचलंस का?' त्याच्या पंधरा दिवसांनी नुसतं हसणारं तोंड. एक गृहस्थ तर भेटले की पुस्तकाचा विषय काढतच नाहीत, फक्त 'बाकी काय वाचताय सध्या' असं विचारतात. हे जास्त लागतं हो! यांना थकबाकीत धरायचं की नाही?

पानगळ

'सप्रेम भेट' ही भेटच धर. भेटीवर परीक्षणाचं देणं नसतं. पण उत्तराचं असतं, म्हणजे मेसेज आलाय आणि तू मौन धरलंयस, ती थकबाकी. माझ्याकडे अशा वेळी पाठवायचा एक मजकूर आहे, हवा तसा वापर :

'नमस्कार. आपलं पुस्तक मिळालं, आठवणीने दिलंत त्याबद्दल आभार. मी ते साठाव्या पानापर्यंत वाचलं. या प्रकारचं लेखन मी फारसं वाचत नाही, त्यामुळे त्यावर न्यायाने काही लिहू शकेन असं वाटत नाही. म्हणून परीक्षण लिहिणार नाही. या महिन्यात मिळालेल्या पुस्तकांच्या नोंदीत त्याची पोच देते आहे. आपली हरकत नसेल तर या विषयात रस असलेल्या एका वाचकाकडे ते सोपवेन. आपल्याकडे परत हवं असेल तर तसं कळवा, पोचतं करते.'

दोन गोष्टी बघ. पान क्रमांक घातलाय, त्यामुळे उघडूनच पाहिलं नाही असा संशय येत नाही (आणि अर्थातच तो खरा असायला हवा). आणि 'सध्या कामाच्या गडबडीत आहे' हे वाक्य मुद्दाम नाही. ते लिहिलं की समोरचा दोन महिन्यांनी परत विचारणार, आणि त्याचं चूक काय? आपणच त्याला थांब म्हणून सांगितलेलं असतं.

सही केलेली प्रत मात्र रद्दीत किंवा जुन्या पुस्तकांच्या बाजारात सोडू नकोस. नावासकट फिरते आणि नको तिथे उगवते.

दाखलनोंद

निवृत्त ग्रंथपाल, म्हणून राहवत नाही.

किती पानांनंतर सोडावं याबद्दल अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम बऱ्याच जणांना माहीत असेल. पन्नास पानं वाचावीत, नाही रुचलं तर खुशाल सोडावं. वय पन्नासच्या पुढे गेलं की शंभरातून वय वजा करावं, उरतील तेवढी पानं पुरे. माझ्या वयाला आता प्रस्तावना संपता संपता सुटका होते.

मात्र हा नियम स्वतःच्या आनंदासाठी वाचणाऱ्यांचा आहे. परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकाची पन्नास पानं वाचून तुम्ही फक्त इतकंच ठरवू शकता की यावर मी लिहिणार नाही. पुस्तक वाईट आहे हे ठरवू शकत नाही. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला तारे देऊन मोकळे होणारे लोक गुडरीड्सवर पैशाला पासरी आहेत, आपण त्यांत जायला नको.

आता प्रतींच्या विल्हेवाटीबद्दल. 'अनकरेक्टेड प्रूफ' असं मुखपृष्ठावर छापलेल्या कच्च्या प्रती ग्रंथालयांना देऊ नका. त्या विक्रीसाठी नसतात, त्यांतला मजकूर अंतिम नसतो, आम्ही त्या दाखल करून घेत नाही. माझ्या हातात आलेल्या एका प्रतीत जागोजागी 'पाहा, पृष्ठ ०००' असं होतं आणि सूचीच्या जागी दोन कोरी पानं. वाचक बिचारा शून्य क्रमांकाचं पान शोधत बसायचा. अंतिम छापील प्रती मात्र अवश्य द्या, पण आधी विचारून. दारात गठ्ठा ठेवून पळून जाणाऱ्यांना दाते म्हणत नाहीत.

तसंच, कच्च्या प्रतीतून उतारा उद्धृत करायचा असेल तर अंतिम प्रतीशी ताडून मगच करा. बहुतेक कच्च्या प्रतींवर तशी सूचना छापलेली असते. कुणी ती वाचत नाही.

वाळवी

काका, अर्धवट सोडलेल्यावर लिहूच नये हे काही पटलं नाही. 'एकशेवीस पानं वाचली, या या कारणाने थांबले' असं प्रामाणिकपणे लिहिलं तर माझ्यासारख्या वाचकाला त्याचा उपयोगच होतो. कुठे थांबले हे सांगितलं की झालं.

दाखलनोंद

कुठे थांबलात आणि का, हे दोन्ही लिहिणार असाल तर हरकत नाही. तारे नकोत, एवढाच हट्ट.

कोपऱ्यातला_वाचक

एका थकबाकीचं नाव अजून कुणीच घेतलं नाही : वाचून झालेली, पण न लिहिलेली पुस्तकं. माझ्या यादीत न वाचलेल्यांपेक्षा हीच जास्त निघाली! वाचताना डोक्यात अख्खं परीक्षण तयार असतं. पुस्तक मिटलं, दुसरं उघडलं, गेलं. चार महिन्यांनी आठवतं काय, तर गोष्ट. आणि गोष्ट सांगणं म्हणजे परीक्षण नव्हे, ती मलपृष्ठावर फुकट मिळते.

यांचं काय करायचं? पुन्हा आख्खं वाचायचं का?

शाईचा_डाग

माझ्या आवडीचा विषय. थोडं लांबेल.

पुन्हा आख्खं वाचायची गरज नाही, पण आठवणीवरही लिहू नका. पहिलं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण पुन्हा वाचा, मधलं कुठलंही एक उघडा. शेवट माहीत असताना पहिलं प्रकरण वाचलं की लेखकाने काय काय आधीच पेरून ठेवलं होतं ते दिसतं, आणि बऱ्याचदा त्यातूनच लिहिण्यासारखं काहीतरी हाती लागतं. तरीही काहीच हाती लागलं नाही, तर ते पुस्तक तुमच्यात उतरलंच नव्हतं असं समजा आणि टिपणावर भागवा.

पुढच्यांसाठी : शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने पान क्रमांक आणि दोन शब्द लिहीत जा. 'सुंदर', 'मस्त' असले नाहीत, महिन्याने त्यांचा काही अर्थ लागत नाही. '४१, आई खोटं बोलते', '११८, पत्र परत', '२०३, इथे ढिलं' असं. पुस्तक संपलं की हा कागद म्हणजे तुमच्या टिपणाचा सांगाडा. ई-पुस्तकात ठळक केलेल्या ओळी असतात, पण नुसत्या ओळी रंगवून भागत नाही. ती का रंगवली ते दोन शब्द तिथेच टंकून ठेवा.

आता दीडशे शब्दांचं टिपण. लोक ते आळसाचं समजतात. माझ्या मते ते जास्त कठीण, कारण लपायला जागा नसते. 'भाषा ओघवती आहे, व्यक्तिरेखा जिवंत वाटतात, पुस्तक शेवटपर्यंत खिळवून ठेवतं' ही वाक्यं जगातल्या कुठल्याही पुस्तकाला लावून बघा, बसतात. दीडशे शब्दांत असली तीन वाक्यं गेली की उरलं काय? त्याऐवजी एकच बघितलेली गोष्ट लिहा : 'निवेदक आपल्या बहिणीचं नाव कधीच घेत नाही, आणि हे आपल्या ध्यानात येतं तेव्हा पुस्तक अर्ध्याच्या पुढे सरकलेलं असतं.' हे एकाच पुस्तकाबद्दल खरं असू शकतं. वाचक उठून पुस्तक शोधायला जातो तो अशा वाक्यामुळे. मग पुस्तक कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत, कुठे कमी पडलं ते एका वाक्यात, कुणाला आवडेल ते एका वाक्यात. उठा.

आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त टिपणं लिहू नका. तिसऱ्यात पहिल्याचीच विशेषणं येतात. पाहिजे तर स्वतःची जुनी परीक्षणं उघडून 'अप्रतिम' शब्द शोधा.

वाळवी

शोधला. शोधायला नको होता.

अर्धविराम

+१ शाईचा_डाग. बहिणीच्या नावाचं वाक्य फार नेमकं आहे.

मोहिमेत मी नाही ते नाहीच. पण एक शंका विचारतो. फुकट प्रत मिळालीय हे परीक्षणात लिहायचं का? आणि लिहिलं तर मग ते परीक्षण 'बदल्यात' दिल्यासारखं होत नाही का?

कोपऱ्यातला_वाचक

लिहायचंच. अमेरिकेत तर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने जाहिरातींतल्या शिफारशींबद्दलची आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली तेव्हा ऑनलाइन लिहिणाऱ्यांनाही त्यांत घेतलं, १ डिसेंबर २००९ पासून. फुकट वस्तू मिळाली असेल तर ते वाचकाला दिसेल असं सांगा, असा त्याचा रोख.

'बदल्यात' बद्दल : अमेझॉनने ऑक्टोबर २०१६ मध्ये फुकट मालाच्या बदल्यात लिहिलेली परीक्षणं बंद केली, पण पुस्तकांच्या आगाऊ प्रती देण्याची जुनी पद्धत चालू ठेवली. अट एवढीच, की प्रत देणाऱ्याने परीक्षणाची सक्ती करायची नाही आणि ते चांगलंच असावं अशी तर मुळीच नाही. म्हणून 'प्रतीच्या बदल्यात हे परीक्षण' असं लिहूच नये. 'प्रत प्रकाशकाकडून मिळाली, मतं माझी' असं लिहावं.

पानगळ

हा मुद्दा चांगला निघाला. प्रत म्हणजे करार नाही, हे कप्प्याकडे बघून हातपाय गळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आपण लिहू म्हणालो होतो की नाही, एवढंच बघायचं. म्हणून तर तो रकाना.

मृगजळ७

शंका : पुस्तक ऐकलं तर चालेल का? नेटगॅलीवर ऑडिओही असतात. दुप्पट वेगाने लावलं तर पटापट निकाल लागतील!

पानगळ

ऐकलेलं चालेल, तसं परीक्षणात लिही. दुप्पट वेगाने ऐकून निवेदकाच्या आवाजाबद्दल मात्र मत देऊ नकोस.

पानगळ (तीन आठवड्यांनंतर)

आढावा. याद्या आल्या, बघितल्या. जवळपास प्रत्येकाच्या यादीत एक गोष्ट सारखी निघाली : मागवून घेतलेली पुस्तकं न मागता आलेल्यांपेक्षा जास्त. म्हणजे आपण ज्यांना दोष देत होतो ते पाठवणारे नव्हेतच. विनंतीचं बटण दाबताना हात सैल सुटतो. मुखपृष्ठ छान, बाकीचे सगळे मागवताहेत, मंजूर झालं की बरं वाटतं. वाचायला वेळ आहे का हा प्रश्न त्या क्षणी कुणी विचारत नाही.

म्हणून मोहिमेनंतरचा एक नियम सुचवते, पटला तर घ्या : हातातलं संपवून, त्यावर लिहून झाल्याशिवाय पुढची विनंती नाही. एक बाहेर, एक आत.

आतापर्यंत लागलेल्या निकालांत सविस्तर परीक्षणं थोडी, टिपणं बरीच आणि 'लिहू शकणार नाही' अशी पत्रं अपेक्षेपेक्षा पुष्कळ. पत्रांना उत्तरं काय आली ते ज्यांना सांगायचंय त्यांनी सांगा.

मृगजळ७

मी तुझा मजकूर चार जणांना पाठवला. दोघांनी 'कळवल्याबद्दल आभार' म्हटलं, एकाने 'पत्नीला आवडेल, परत द्या' म्हणून कळवलं. चौथ्याचं उत्तर नाही. 'बाकी काय वाचताय' वाले गृहस्थ या चारांत नाहीत, त्यांचं पुस्तक मी वाचायला घेतलंय. बरं आहे चक्क.

बुकमार्क

मी पाठवलेल्या एका जुन्या पुस्तकावर या धाग्यातल्या कुणीतरी टिपण लिहिलं. नाव घेत नाही. लेखकाला दुवा धाडला, त्यांनी लगेच फोन केला आणि तेच टिपण मला वाचून दाखवलं. मीच पाठवलं होतं, हे दोनदा सांगितलं.

वाळवी

एक तांत्रिक शंका. माझ्याकडे एका मालिकेचा तिसरा भाग आलाय. मीच मागवला होता, शब्द दिलाय. पहिले दोन वाचलेले नाहीत. आता?

कोपऱ्यातला_वाचक

तिसऱ्या भागावर पहिले दोन न वाचताही लिहिता येतं. मालिकेत मधूनच शिरणाऱ्याला पाय ठेवता येतो का, हे तर तूच सांगू शकतेस, जुन्या वाचकांना ते कळायचं नाही. फक्त तसं पहिल्या परिच्छेदात लिही.

वाळवी

पण मला पहिले दोन वाचायचेत. प्रकाशकाकडून मागवू का?

पानगळ

नवीन प्रत मागवायची नाही!

दाखलनोंद

ग्रंथालयातून आणा. ती आमची थकबाकी, तुमची नाही. फक्त मुदतीत परत करा.